सवलतीचे संख्याशास्त्र

आपल्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकेत गेल्या काही वर्षांत एक नवा रकाना आला आहे. त्यात गुण नसतात, श्रेणीही नसते. ‘समाधानकारक’ किंवा ‘असमाधानकारक’ एवढा एकच शब्द तेथे छापलेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली निवडीवर आधारित श्रेयांक पद्धतीची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत श्रेयांकाविना शिकविल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ही तरतूद होती. विद्यार्थ्याने अभ्यासक्रम पुरा केला की नाही एवढेच नोंदवावयाचे, त्याच्या एकूण निकालावर त्याचा परिणाम होऊ द्यावयाचा नाही, असा तिचा आशय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीबरोबर लहान लहान अभ्यासक्रमांची भर पडत चालली आहे आणि ‘यात कोणी नापास होत नाही’ अशी ज्यांची ख्याती आहे असे विषयही वाढत आहेत.

या रकान्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत जुन्या वळणाच्या प्राध्यापकांचे. गुण गेले की शिस्त गेली, शिस्त गेली की विद्या गेली, असा त्यांचा हिशेब. दुसरे मत आपल्यासारख्या परिवर्तनवादी मंडळींचे. गुणांची स्पर्धा ही बाजारातील स्पर्धेचीच बालावृत्ती आहे, तेव्हा ती जितकी लवकर संपेल तितके बरे, असे आपण मानतो. दुसऱ्या मताकडे माझा कल आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. परंतु संख्याशास्त्राच्या अशाच एका सोप्या सेमिनारमध्ये विद्यार्थी म्हणून एक सत्र घालविल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे की, गुण काढून टाकणे आणि अभ्यास काढून टाकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पहिलीच्या नावाखाली दुसरी केली जाते, आणि तिची किंमत ज्यांच्या नावाने ही सवलत दिली जाते त्यांनाच मोजावी लागते.

गुणांविना शिक्षण ही कल्पना आळशी विद्यार्थ्यांच्या डोक्यातून निघालेली नाही, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. १९६६ साली व्हिएतनाम युद्धापायी अमेरिकेतील सक्तीची सैन्यभरती वाढली, तेव्हा कोणत्या विद्यार्थ्याची भरती पुढे ढकलावयाची हे ठरविताना त्याचा वर्गातील क्रमांक विचारात घेतला जाऊ लागला. प्राध्यापकाने उत्तरपत्रिकेवर टाकलेला गुण कोणाला तरी रणांगणावर धाडू लागला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात शिकागो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी या क्रमांकपद्धतीविरुद्ध प्रशासनाची इमारत ताब्यात घेतली. पुढे १९६८ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने पहिल्या वर्षासाठी केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल लावण्याचा प्रयोग सुरू केला. १९६९ साली ब्राउन विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्याच पुढाकाराने तयार झालेला नवा अभ्यासक्रम स्वीकारला आणि कोणताही विषय श्रेणीविना घेण्याची मुभा दिली. विद्यार्थ्याने आपल्याला न येणाऱ्या विषयाकडे निर्भयपणे वळावे, साहित्याच्या विद्यार्थ्याने भौतिकशास्त्र चाखून पाहावे, हा त्यामागील हेतू होता. भय गेले की जिज्ञासा जागी होते, या श्रद्धेवर ती व्यवस्था उभी होती. शिकविण्याचे काम कमी करावे, असे त्यात कोठेही अभिप्रेत नव्हते.

आता माझ्या अनुभवाकडे वळतो. २०१९ च्या जानेवारी ते एप्रिल या सत्रात मी महाराष्ट्रातील एका विद्यापीठात सामाजिक शास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात होतो. विद्यापीठाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. नाव बदलले तरी चित्र फारसे बदलत नाही. सामाजिक संशोधनासाठी उपयुक्त संख्याशास्त्र असा तो सेमिनार होता. बारा शनिवार, दर शनिवारी दोन तास. पंचाहत्तर टक्के हजेरी आणि दहा पानांचा एक प्रकल्प अहवाल, एवढ्यावर ‘समाधानकारक’ हा शब्द मिळणार होता. पहिल्याच दिवशी सरांनी सांगितले, “घाबरू नका, इथे कोणी नापास होत नाही.” वर्गातील छत्तीस जणांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो अगदी खरा होता. आमच्यातील बहुतेक कला शाखेचे पदवीधर. दहावीनंतर गणिताशी संबंध सुटलेला. कित्येकांच्या घरात विद्यापीठाची पायरी चढणारे ते पहिलेच. बीजगणिताच्या पेपराने ज्यांची झोप उडविली होती, त्यांना संख्याशास्त्र हा शब्दच धडकी भरविणारा होता.

परंतु भय गेल्यानंतर त्या रिकाम्या जागेत काही आले नाही. दर शनिवारी पडद्यावर स्लाइड येत. मध्य, मध्यक, बहुलक; प्रमाण विचलन; नमुना निवडीच्या पद्धती. व्याख्या वाचून दाखविली जाई, एखादे उदाहरण सोडविले जाई. त्या उदाहरणात कोणत्या तरी कारखान्यातील दिव्यांचे आयुष्य किंवा क्रिकेटपटूंच्या धावा असत. हजेरीचा कागद फिरे आणि तास संपे. प्रकल्पाची कथा याहून निराळी नव्हती. शंभर उत्तरदात्यांच्या प्रश्नावल्या वसतिगृहाच्या खोलीत एका रात्रीत भरल्या गेल्याचे मी पाहिले. शंभर माणसांची अक्षरे चारच वळणांची होती. आदल्या वर्षाचे अहवाल नव्या मुखपृष्ठासह पुन्हा सादर झाले. एप्रिलअखेर सर्वांना ‘समाधानकारक’ हा शब्द मिळाला. ते दहा पानी अहवाल कोणी उघडून पाहिले असतील, असे वाटण्यास जागा नव्हती. निदान एकाही अहवालावर शिक्षकाच्या लेखणीची खूण नव्हती.

यात शिक्षकाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. आमचे सर तासिका तत्त्वावर नेमलेले होते. आठवड्यात तीन महाविद्यालयांच्या वाऱ्या करून ते शनिवारी आमच्याकडे येत. त्यांना पैसे मिळत ते वर्गात उभे राहिल्याच्या तासांचे. अहवाल वाचण्याचे, विद्यार्थ्याशेजारी बसून त्याची चूक दाखविण्याचे तास कोणत्याही देयकात धरलेले नव्हते. कायम स्वरूपाच्या प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवावयाच्या आणि तासावारी माणसांकडून वेळापत्रक भरून घ्यावयाचे, ही महाराष्ट्रातील उच्च शिक्षणाची जुनी खोड आहे. अशा व्यवस्थेत अभ्यासक्रम सोपा होतो, कारण सोपा अभ्यासक्रम स्वस्त पडतो. परीक्षा नाही म्हणजे तपासनीस नको. कोणी नापास होत नाही म्हणजे तक्रार नाही, पुनर्मूल्यांकन नाही, ज्यादा तासिका नाहीत. विद्यार्थ्यांवरील दयेची भाषा वापरून येथे वस्तुतः वेतनखर्चाची बचत चालते. शिक्षण खात्याची काटकसर आणि विद्यार्थ्याचे स्वातंत्र्य यांतील फरक ओळखण्यात आपण चुकता कामा नये.

आणि तरीही, गुणांचे ओझे उतरले की काय घडू शकते याचे दर्शन मला त्याच वर्गात एकदा झाले. पाचव्या शनिवारी वीज गेलेली होती. पडदा बंद, स्लाइड नाहीत. सरांनी प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली आणि नाव न घालता आपल्या कुटुंबाच्या मालकीची जमीन किती एकर आहे तेवढे लिहावयास सांगितले. चिठ्ठ्या गोळा करून आकडे फळ्यावर मांडले. निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांवर शून्य किंवा एक. काही ठिकाणी चार, सहा, दहा. एका चिठ्ठीवर साठ. सरासरी निघाली पाच एकरांच्या आसपास. सर्व आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा पाहिला, तर तो निघाला एक. तोवर सबंध सत्रात एक शब्दही न बोललेली मराठवाड्यातील एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, म्हंजे सरासरीत आमच्या घराला पाच एकर आली की. सातबारा कुठं मिळंल?” वर्ग हसला. सरही हसले. मग तासभर जी चर्चा झाली, तिच्यात प्रत्येकाला काही ना काही बोलावयाचे होते. साठ एकरांची चिठ्ठी ज्याची होती, तो स्वतःहून पुढे येऊन बोलला. गुणांसाठी परीक्षा असती, तर ती मुलगी कदाचित तोंड उघडती ना, कारण चुकीचे बोलल्याचा दंड असतो. भीती नसलेला वर्ग आणि अर्थ असलेला आकडा एकत्र आले, तर संख्याशास्त्र हे गरिबाच्या पोराला सर्वांत लवकर कळणारे शास्त्र ठरते. पुढच्या शनिवारी वीज आली आणि स्लाइडही परत आल्या.

त्या मुलीच्या प्रश्नाला आपल्या संसदेच्या इतिहासात एक मोठा पूर्वज आहे. पण सेमिनारमध्ये त्याचा उल्लेखही झाला नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी मांडलेला, स्वतंत्र भारतातील पहिला अविश्वासाचा ठराव लोकसभेपुढे होता. त्याच वर्षी फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीतून निवडून आलेल्या डॉ. राममनोहर लोहियांनी सांगितले की, देशातील साठ टक्के लोक, म्हणजे सत्तावीस कोटी माणसे, दिवसाला तीन आण्यांवर जगतात. पंतप्रधान नेहरूंचे उत्तर होते पंधरा आणे. नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदांचा आकडा आला साडेसात आणे. एका देशातील एका माणसाच्या एका दिवसाचे तीन निरनिराळे हिशेब! यात कोणी तरी खोटे बोलत असले पाहिजे, असे सामान्य वाचकाला वाटेल. पण पंधरा आण्यांचा आकडा खोटा नव्हता. रोजचे पंधरा आणे म्हणजे वर्षाचे सुमारे ३४२ रुपये होतात. देशाचे सारे उत्पन्न सर्व माणसांत सारखे वाटले, तर येणारा तो वाटा होता. लोहिया विचारीत होते ते निराळेच. वाटणी सारखी नसताना खालच्या साठ टक्क्यांच्या हाती प्रत्यक्ष किती पडते, हा त्यांचा प्रश्न होता. पंधरा आण्यांत गिरणीमालक आणि भूमिहीन मजूर एकाच पंगतीला बसविलेले होते. आमच्या वर्गातील पाच एकर आणि नेहरूंचे पंधरा आणे ही एकाच जातीची अपत्ये होत.

तीन आणे अचूक की साडेसात, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. आपल्या नेत्याचा आकडा म्हणून तीन आण्यांना पवित्र मानणे हेही संख्याशास्त्राला धरून होणार नाही. तो आकडा कोणत्या पाहणीवरून, कोणत्या गृहीतांवरून काढला, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक विद्यार्थ्याला आहे. महत्त्वाची गोष्ट ही की, त्या वादानंतर दरडोई सरासरीच्या आड लपणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही. मध्य आणि मध्यक यांतील फरक ज्या दिवशी लोकसभेत उभा राहिला, तो दिवस संख्याशास्त्राच्या वर्गात शिकविला जात नसेल, तर तेथे शिकविले जाते तरी काय?

दुसरे उदाहरण प्रमाण विचलनाचे. आम्हांला त्याचे सूत्र पडद्यावर दाखविले गेले आणि ‘परीक्षा नाही, तेव्हा पाठ करण्याची गरज नाही’ असे आश्वासनही मिळाले. या सूत्रावरून एके काळी महाराष्ट्रातील दोन थोर माणसे कशी एकमेकांसमोर उभी ठाकली होती, हे मला पुढे स्वतःच्या वाचनातून कळले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. दर माणशी दररोज २२५० उष्मांक मिळतील इतका खर्च ही त्यांनी किमान पातळी धरली. १९६०-६१ च्या किमतींनुसार तो ग्रामीण भागात महिना १५ रुपये आणि शहरी भागात साडेबावीस रुपये इतका होता. त्याखाली ग्रामीण भागातील सुमारे चाळीस टक्के आणि शहरी भागातील सुमारे पन्नास टक्के लोक असल्याचे त्यांनी दाखवून दिले.

यावर आक्षेप घेतला तो सातारा जिल्ह्यातील बुध गावचे सुपुत्र आणि जगन्मान्य संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत दीर्घकाळ काम करून ते पुण्यास परतले होते. त्यांचे म्हणणे असे की, माणसामाणसाची, आणि एकाच माणसाची दिवसादिवसाची, अन्नाची गरज कमीजास्त होत असते. केवळ सरासरी गरज हीच रेषा धरली, तर धडधाकट माणसांपैकीही पुष्कळजण तिच्याखाली पडतील आणि उगाच उपाशी गणले जातील. म्हणून सरासरीतून प्रमाण विचलनाच्या दुप्पट वजा करून जो आकडा येईल, तो उपासमारीची सीमा मानावा. केवळ धान्यावर नव्हे, तर स्वच्छ पाणी आणि आरोग्य यांवर भर द्यावा, असाही त्यांचा आग्रह होता. टीकाकारांनी उलट विचारले, शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते ते कशाच्या बळावर? मूल कमी वाढते, मजूर कमी काम करतो, बाई अंथरुणाला लवकर टेकते. यालाच आरोग्य म्हणावयाचे काय? दांडेकरांनीही सुखात्म्यांच्या मापनपद्धतीचा प्रतिवाद केला.

सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून ऐंशीच्या दशकात हा वाद विद्वानांच्या नियतकालिकांतून गाजला. दोघेही प्रामाणिक, दोघेही व्यासंगी. वाद कोणत्या गोष्टीवर, तर सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करावयाची की नाही, यावर. पण त्या वजाबाकीवर कोट्यवधी माणसे गरिबांच्या मोजदादीत राहावयाची की बाहेर पडावयाची, हे अवलंबून होते. जे सूत्र आम्हांला ‘सोडून दिले तरी चालेल’ म्हणून दाखविले गेले, त्या सूत्राचे वजन एवढे होते.

तिसरे उदाहरण तर आमच्या डोळ्यांदेखत घडत होते. सेमिनारचे पहिले दोन-तीन शनिवार झाले असतील-नसतील, तोच जानेवारी २०१९ च्या अखेरीस राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. आयोगाने संमत केलेला २०१७-१८ चा श्रमबल पाहणी अहवाल सरकार प्रसिद्ध करीत नाही, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. लगेच तो अहवाल वृत्तपत्रातून बाहेर आला. बेरोजगारीचे प्रमाण ६.१ टक्के, २०११-१२ मध्ये तेच २.२ टक्के होते, आणि हा पंचेचाळीस वर्षांतील उच्चांक असल्याची बातमी देशभर झाली. सरकारने सांगितले, अहवाल अंतिम नाही. पुढे, नव्या पाहणीची पद्धती निराळी असल्याने जुन्या आकड्यांशी तुलना करू नये, असेही सांगण्यात आले. अधिकृत अहवाल प्रकाशित झाला तो ३१ मे २०१९ रोजी, लोकसभेच्या निवडणुका आटोपल्यानंतर. या चारही महिन्यांत संख्याशास्त्राच्या आमच्या वर्गात या विषयावर चकार शब्द निघाला नाही. ज्यांच्या बेरोजगारीची ती मोजणी होती, ते छत्तीस तरुण त्याच वर्गात बसून दिव्यांच्या आयुष्याची सरासरी काढीत होते.

खरे म्हणजे याहून चांगला पाठ कोणत्या शिक्षकाला मिळाला असता? त्या पाहणीत १,०२,११३ कुटुंबांतील ४,३३,३३९ व्यक्तींची नोंद झाली होती. एवढ्यांवरून अब्जाहून मोठ्या लोकसंख्येविषयी बोलता येते, ते का, हे विचारता आले असते. तुलनेबाबतचा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. जुन्या पाहणीत कुटुंबांचे गट पाडताना खर्चाचा विचार होई, तर नव्या पाहणीत घरातील दहावी झालेल्या माणसांच्या संख्येवरून गट पाडले गेले. या बदलाने आकडा किती हलतो, याचा विचार वर्गाने शांतपणे करावयास हवा होता. आणि तुलना सदोष असेल तर तसे लिहून अहवाल प्रसिद्ध करावा, तो दडवून ठेवण्याचे ते कारण होऊ शकत नाही, हेही त्याच वर्गाने म्हणावयास हवे होते. पुढे ६.१ टक्के म्हणजे कशाचे टक्के? सर्व लोकसंख्येचे नव्हेत. जे काम करतात किंवा काम शोधतात अशांचे. थकून ज्याने काम शोधणे सोडले, तो या हिशेबात बेरोजगारही नाही. २०१७-१८ मध्ये सर्व वयांच्या शंभर स्त्रियांपैकी केवळ साडेसतरा श्रमबलात मोजल्या गेल्या. उरलेल्या साडेब्याऐंशींत लहान मुली आणि वृद्धा होत्या हे खरे. पण पहाटेपासून पाणी, शेण, चूल आणि मुले यांत राबणाऱ्या किती होत्या? उलट, वर्षातून तीस दिवस दुय्यम स्वरूपाचे काम मिळालेला माणूसही या व्याख्येने रोजगारात गणला जातो. व्याख्या बदलली की बेरोजगार नाहीसा होतो. हे ज्याला कळते तो आकड्याने सहसा फसत नाही. ते ज्याला सांगितलेच गेले नाही, तो आकडा एक तर देववाणी मानतो, नाही तर सारेच आकडे थोतांड म्हणून झिडकारतो. सत्ताधाऱ्यांना हे दोन्ही प्रकारचे नागरिक सोयीचे असतात.

कोणी म्हणेल, सेमिनार सोपा होता म्हणून काय झाले. ज्याला शिकावयाचे तो शिकतोच. हा युक्तिवाद वरवर उदार दिसतो, पण तो खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा आहे. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, ज्याच्या चुलत्याला संगणकावर हिशेब येतो, ज्याला शहरात पैसे भरून खाजगी वर्ग लावता येतो, त्याला विद्यापीठाने काही शिकविले नाही तरी अडत नाही. तो बाहेरून शिकेल. भूमिहीन मजुराच्या मुलीसाठी मात्र तो शनिवारचा वर्ग हीच या शास्त्राशी भेटण्याची पहिली आणि बहुधा शेवटची जागा असते. तिच्या गुणपत्रिकेवर ‘समाधानकारक’ हा शब्द छापून तिला परत पाठविणे म्हणजे ताट न वाढताच पंगत उठविणे होय. आमच्याच वर्गातील एक मैत्रीण पुढे कंत्राटी पद्धतीवर घरोघर जाऊन माहिती भरण्याचे काम करू लागली. ती मला म्हणाली, “रोज चाळीस रकाने भरते. त्याचं पुढं काय होतं ते मला कुणी सांगितलं नाही आणि विचारायचं कसं तेही कुणी शिकवलं नाही.” देशाचे आकडे जिच्या पायपिटीतून जन्मतात, तिलाच आकड्यांची भाषा परकी राहावी, ही त्या शिक्षणावरची सर्वांत कठोर टीका आहे.

म्हणून या प्रश्नावर आपली भूमिका स्पष्ट असावयास हवी. संख्याशास्त्राला पुन्हा तीन तासांचा लेखी पेपर लावा आणि निम्म्या पोरांना नापास करा, ही मागणी आपली असू शकत नाही. त्या मार्गाने भीती परत येईल आणि भीतीबरोबर ती मुलगी पुन्हा गप्प होईल. गुण नकोत, हे कायम ठेवू. पण गुणांच्या जागी तीन गोष्टींचा आग्रह धरू. पहिली, प्रत्येक विद्यार्थ्याने एक खरी पाहणी स्वतः करावी. आपल्या गावातील वीस घरांचे पाणी, आपल्या वस्तीतील रेशनकार्डे, आपल्या वसतिगृहातील खानावळीचा खर्च, काहीही चालेल. पण माहिती दारात उभे राहून गोळा केलेली असावी. दुसरी, ती पाहणी शिक्षकाने वाचावी, तिच्यावर बोट ठेवून बोलावे आणि कच्ची असेल तर परत द्यावी. ‘असमाधानकारक’ हा शब्द शिक्षा म्हणून वापरू नये. ‘अजून एकदा कर’ एवढाच त्याचा अर्थ असावा. तिसरी, हे वाचण्याचे तास शिक्षकाच्या वेतनात धरावेत आणि त्यासाठी रिकाम्या जागा पूर्ण वेळच्या प्राध्यापकांनी भराव्यात. या तिसऱ्या मागणीवाचून पहिल्या दोन हवेत राहतील. विद्यार्थी संघटना आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापक यांची मागणी येथे एकच होते, हे आपल्या युवक कार्यकर्त्यांनी दोन्ही बाजूंना पटवून द्यावयास हवे.

शेवटी थोडे आपल्या स्वतःच्या घराविषयी. आपल्या सभांतून, पत्रकांतून, मोर्च्याच्या निवेदनांतून आकडे सर्रास फेकले जातात. ते कोठून आले, कोणत्या वर्षाचे, शेकडा कशाचे, हे विचारणारा कार्यकर्ता विरळा. सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरात रोज ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये अशी दारिद्र्यरेषा सांगितली, तेव्हा आपण सर्वांनी तिची यथेच्छ टिंगल केली. टिंगल योग्यच होती. पण ती रेषा कोणत्या पद्धतीने काढली गेली आणि तिच्या जागी आपण कोणती मांडतो, हे सांगू शकणारे किती होते? ज्या चळवळीने १९६३ साली तीन आण्यांच्या हिशेबावर सरकारला उत्तर देणे भाग पाडले, तिच्या वारसांना घोषणा पाठ असाव्यात आणि हिशेब येऊ नये, हे बरे नव्हे.

विद्यापीठे सुधारतील तेव्हा सुधारतील. आपल्या अभ्यासवर्गांना तोवर थांबण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेने येत्या शिबिरात दोन तास यासाठी राखावेत. कोऱ्या चिठ्ठ्या वाटाव्यात, जमिनीचा किंवा मजुरीचा आकडा नाव न घालता लिहून घ्यावा, सरासरी आणि मधला आकडा फळ्यावर शेजारी शेजारी मांडावेत आणि मग कोण काय विचारते ते ऐकावे. दुसऱ्या तासाला तालुक्यातील एखाद्या सरकारी अहवालाचे एक पान घेऊन त्यातील प्रत्येक टक्क्याखाली ‘कशाचे’ हा शब्द लिहावा. यासाठी पडदा लागत नाही, वीज लागत नाही, परीक्षाही लागत नाही. लागतो तो शिकविणारा एक माणूस आणि त्याच्याजवळचा पुरेसा वेळ. विद्यापीठाकडे आपण मागावयाचे तेही एवढेच आहे.